समजलं, सर

आमच्या ज्युनिअर कॉलेजात गणिताची जागा कायम रिकामी. हिंगोली जिल्हा म्हटलं की येणारे सर रुजू व्हायच्या आधीच बदलीच्या मागे लागत. शेवटी सरांऐवजी छतावर डिशची एक छत्री आली आणि वर्गात एक टीव्ही. पुण्यातल्या स्टुडिओत सर शिकवणार आणि राज्यभरच्या केंद्रांतली पोरं एकाच वेळी शिकणार. याला ऑनलाइन वर्ग म्हणायचं, हे आम्हाला तेव्हाच कळलं. देखरेखीला नेमलं मला. मी मराठीची. माझं आणि गणिताचं दहावीतच फाटलं होतं, पण त्या तासाला मी मोकळी असते, एवढी पात्रता प्राचार्यांना पुरली.

टीव्हीसोबत एक माईक होता. बटण दाबायचं, पाळी आली की लाल दिवा लागायचा आणि आपला आवाज थेट पुण्याला. पोरांनी प्रश्न विचारावेत म्हणून तो दिलेला. दिवाळी उलटली तरी आमच्या माईकला कोणी हात लावला नाही. मी गोड बोलून पाहिलं, ओरडून पाहिलं, विचारेल त्याला कचोरी कबूल केली. खोली भरलेली, पण आवाज म्हणून नाही. मग वरून निरोप आला. जे केंद्र प्रश्न विचारत नाही त्याचा टीव्ही-माईकचा संच काढून दुसऱ्या तालुक्याला देणार. म्हणजे बोर्डाची परीक्षा तोंडावर आणि होता तो टीव्हीतला मास्तरही जाणार.

मी भडकले. "मिठाची गुळणी धरून काय बसता रे? तोंडं शिवलीत का तुमची?"

पहिल्या बाकावरचं एक पोरगं मान खाली घालून म्हणालं, "मॅडम, सर एवढे मोठे. पुण्याहून आपल्यासाठी शिकवून राहिले. न्हाई समजलं म्हणलं तर त्यांचा अपमान न्हाई का होणार?"

मी चाटच पडले. इतके महिने मी यांना ठोंबे म्हणत होते आणि ही लेकरं सरांची अब्रू सांभाळत होती! मोठ्या माणसाला सवाल करणं म्हणजे उलट बोलणं, हे त्यांना घरून पक्कं शिकवलेलं. मला रडावं की हसावं कळेना. "अरे, काहीही बोला," मी म्हणाले, "पण बोला!"

माझा शब्द त्यांनी किती मनावर घेतला ते पुढच्या तासाला कळलं. बघते तर माईकपुढे रांग. मला वाटलं, उजाडलं एकदाचं. लाल दिवा लागला आणि पहिला म्हणाला, "नमस्कार सर. आमाला समजलं. काही तकलीफ न्हाई." दुसरी म्हणाली, "समजलं, सर. लई चांगलं शिकवून राहिले तुमी." मग तिसरा, मग चौथी. लग्नात आहेर द्यावा तसं एकेकजण 'समजलं' देऊन बाजूला होत होता आणि अख्खा महाराष्ट्र ऐकत होता. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. सर आधी हसले, मग घड्याळाकडे बघू लागले. "छान. आता पुढच्या केंद्राकडे जाऊ."

रांगेत शेवटी पुसेगावची पोरगी होती. एसटीनं येणारी, हजेरीपलीकडे कधी तोंड न उघडलेली. तिच्या बापानं मलाच सांगून ठेवलं होतं, "गणितात पास झाली तर शिकवू, न्हाई तर उरकून टाकू. पाव्हणे पाहून गेले." तिनं माईक दोन्ही हातांनी धरला.

"सर, थांबा. न्हाई समजलं. ह्यातल्या कोणालाच न्हाई समजलं."

टीव्हीतले सर खडू धरून तसेच उभे राहिले.

"कुठून नाही समजलं, बाळ?"

"पहिल्यापासून. आन् मला नापास होऊन चालत न्हाई, सर."

आता सर चिडणार आणि संच गेला, मी मनात म्हटलं. तेवढ्यात कुठल्याशा लांबच्या केंद्रातून आवाज आला, "सर, आम्हालाबी नाही समजलं." मागोमाग आणखी एका केंद्रातून. मग आणखी. मी थक्क झाले. सगळ्या राज्यात ढ आम्हीच, असं मी धरून चालले होते. सरांनी फळा पुसला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

संच राहिला. पुढं तर माईकसाठी भांडणं होऊ लागली आणि ती सोडवायलाही मीच.

निकालानंतर ती पोरगी बापाला घेऊन कॉलेजात आली. बापाच्या हातात पिशवी. तो आत हात घालू लागला तसं मला वाटलं, आता लग्नपत्रिका निघणार. निघाली गुणपत्रिका. गणितात पास.

"टी.सी. द्या, मॅडम," बाप म्हणाला. "नांदेडला घालून राहिलो हिला."

निघताना ती दारात घुटमळली. "मॅडम, एक विचारू का?"

"विचार की. आता तू कुठली थांबतेस!"

"तिथं गणिताचे सर समोर असतेत का? वर्गात, खरेखुरे?"

"असतात," मी म्हणाले.

ती बापाकडे बघून हसली. मला मात्र हसता आलं नाही.