हाताने सुटणारे स्क्रू

माझ्या हाताला एक खोड आहे. मी जे आवळतो ते असं आवळतो की सोडवायला मलाच बोलवावं लागतं. नळ, खाटेचे बोल्ट, लोणच्याची बरणी, काहीही. वीस-बावीस वर्षं डिचोलीच्या खाणींवर खनिज वाहणारे टिपर दुरुस्त करण्यात गेली आणि त्या खड्ड्यांच्या रस्त्यावर ढिला राहिलेला नट काय करतो ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पुढे खाणी थांबल्या, टिपर भंगारात गेले, खोड मात्र माझ्याकडेच राहिली. "तू आवळलेला झाकाण सोडवूक रेडो लावचो लागतलो," असं बायको म्हणते. आम्ही दोघंही मूळचे दोडामार्गाकडचे. गोव्यात जन्म गेला तरी घरात बोली तिकडचीच.

त्यामुळे मुलीने कॉम्प्युटर घेतला तेव्हा त्याच्या बाजूच्या पत्र्याचे दोन स्क्रू मला अजिबात आवडले नाहीत. मोठ्या डोक्याचे, नुसत्या बोटांनी फिरवले की सुटणारे.

"असलो कसलो गो स्क्रू? रस्त्यार सुटान पडात," मी म्हणालो.

"बाबा, हो खंय रस्त्यार जाता?"

तिच्याकडे उत्तर नेहमी तयार असतं. हे तिला कुणाकडून आलं ते बायको सांगते, मी सांगत नाही.

कॉम्प्युटर गेमिंगचा होता. म्हापशाच्या दुकानदाराने विचारलं, कुठले गेम खेळता? ती म्हणाली, "खेळनंय नाय, घरां बांधतंय." तिचं काम असं की न बांधलेल्या घराची फिल्म करायची. दारातून आत शिरल्यासारखं, खोल्याखोल्यांतून चालल्यासारखं दाखवायचं. मांद्र्याच्या एका गेस्ट हाऊसवाल्याने तिच्याकडून अशी फिल्म करून घेतली होती. त्याला प्रत्येक खिडकीतून समुद्र दिसायला हवा होता. मध्ये दोन माडांच्या बागा होत्या, त्या तिने त्याच्या सांगण्यावरून पुसल्या. असल्या कामाला तगडं मशीन लागतं, आणि तगडी मशीनं गेम खेळणाऱ्यांसाठीच बनतात म्हणे.

प्रोसेसरचं तिने मला समजावलं ते असं. त्याचा एक नेहमीचा वेग असतो. काम जड आलं की तो आपणहून वर चढतो, त्याला बूस्ट म्हणतात. किती चढायचं आणि किती वेळ वर टिकायचं याची परवानगी मदरबोर्ड देतो, कारण वीज त्याच्या हातून जाते. मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी वाढवता येते.

"म्हणजे पंप वाढवूचो," मी म्हणालो. टिपरचा डिझेल पंप वाढवला की भरलेली गाडी चढावावर पळायची. "आणि मगे इंजिन बसता," हेही मीच सांगितलं. तसं बसलेलं इंजिन मी उघडलं आहे. त्याचा पंपही मीच वाढवून दिला होता.

दसऱ्याला आमच्याकडे हत्यारांची आणि गाड्यांची पूजा असते. खाणी चालू होत्या तेव्हा मी सकाळपासून टिपरना गंध लावत फिरायचो. माझा नियम एकच: अक्षता बॉनेटवर टाकून भागत नाही, बॉनेट उघडून इंजिनावर टाकायच्या. काम इंजिन करतं, मान बॉनेटला कशाला? आता घरात मशीन म्हणून उरला तो लेकीचा कॉम्प्युटर. ती देवळात गेली असताना मी त्याला आंघोळ घालायची तेवढी बाकी ठेवली. गंध लावलं, झेंडूची माळ घातली आणि वरच्या जाळीतून चार अक्षता आत सोडल्या. पोचायच्या त्याला पोचल्या म्हणून नमस्कार केला. मुलीने आल्यावर हसत माळ काढून दारावर लावली. अक्षतांचं तिला ठाऊक नव्हतं आणि मलाही ते सांगण्यासारखं वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शुक्रवारी पुण्याच्या एका कंपनीकडून तिला परीक्षा आली. तीन मिनिटांची फिल्म, सोमवारी सकाळी दहाच्या आत. पास झाली तर नोकरी, आणि नोकरी म्हणजे पुणं. ती नोकरी तिला हवी होती, मला नको होती. आमच्या वाड्यावरच्या सहा घरांपैकी चार घरांत आता म्हातारी माणसं आणि कुत्री राहतात. आमचं पाचवं होईल, हेच माझ्या डोक्यात फिरत होतं. बायकोजवळ एवढंच म्हणालो, "हंय काय कमी असा?" ती म्हणाली, "चेडवाक जावचा असा, तर जांव दी. आपण खंय दोडामार्गात रवलंव?"

तिने स्वतःच्या हौसेने रचलेल्या एका घराची फिल्म तयार होतीच, पण फिल्मची एकेक चौकट मशीनला रंगवावी लागते. शुक्रवारी दुपारी तिने ते काम लावलं तेव्हा मशीनने सांगितलं, मंगळवार संध्याकाळ. तिचा चेहरा उतरला. नेहमी साडेचार गिगाहर्ट्झवर पळणारा प्रोसेसर मिनिटभर तिथे जायचा आणि धपकन दोनवर यायचा. तिने तो बोटांनी सुटणारा पत्रा काढला, ब्रशने मोठे पंखे झाडले, पत्रा लावला. फरक शून्य. शनिवारी सकाळी ती मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये शिरली. एक परवानगी वाढव, मशीन पुन्हा चालू कर, आकडा बघ. वाढवलेल्या परवानगीने तो पावणेपाचपर्यंत जाऊन आला, पण खाली पहिल्यापेक्षा लवकर आला.

हे ऐकून माझे कान टवकारले. जास्त दिल्यावर लवकर बसतं, म्हणजे तापतंय. तापतंय ते इंजिनच असतं असं नाही, पाण्याचा पंपही असू शकतो. ती आईबरोबर बाजारात गेली तेव्हा मी मशीनजवळ कान नेऊन बसलो. रोज त्यातून एक बारीक, डासासारखा आवाज यायचा, तो नव्हता. पत्रा काढला आणि बॅटरी मारली. मदरबोर्डच्या वरच्या कोपऱ्यात, प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर, भोकं असलेल्या लोखंडी झाकणाखाली रुपयाएवढा पंखा होता. त्याच्या पात्यांत कुंकवाने लाल झालेला तांदळाचा एक दाणा अडकला होता.

काटा काढायचा चिमटा माझ्या पेटीत होता. पेटी खोलीबाहेरच होती. मी उठलो आणि उभा राहिलो. मनात म्हटलं, मी काही केलेलं नाही, देवाच्या नावाने पडलेला दाणा आहे, देवाचीच इच्छा असेल. माणूस स्वतःला फसवायला देवालाही कामाला लावतो. मी पत्रा परत बसवला, स्क्रू लावले आणि पोर्चमध्ये जाऊन बसलो. संध्याकाळभर तिच्या किबोर्डचा आवाज येत होता. मला चहाही गेला नाही.

रविवारी सकाळी पोदेर दारात पाव, म्हणजे आमचे उंडे, देऊन गेला तरी ती खोलीतून बाहेर आली नाही. मी तिचा चहा घेऊन आत गेलो. पडद्यावर फिल्मचा शेवट होता: घराचं राजांगण, मधोमध तुळस, वरून उतरलेलं ऊन. ते राजांगण इब्रामपूरच्या एका जुन्या घराचं होतं. ते मोजायला आम्ही दोघं स्कूटरवरून गेलो होतो. तिने टेप धरली होती आणि टेपचं दुसरं टोक मी.

"ह्या काढून टाकतंय," ती म्हणाली. "मशीनचो सगळ्यात जास्त वेळ हेकाच लागता. हेच्याशिवाय उद्या दहाक पुरा होतला."

"हेच्याशिवाय तुझ्या फिल्मीत रवला काय?"

"कायच नाय." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझीच चूक, बाबा. मदरबोर्ड घेतानाच बघूक होया होता. माका येणाच नाय ह्यातला काय."

हे मात्र मला सोसलं नाही. ती गेली तर घर रिकामं होईल ही एक गोष्ट. पण चूक माझी आणि ती स्वतःला बिनकामाची समजून माझ्याच घरात राहणार ही दुसरी. अशी राहिलेली मुलगी मला रोज चहा देणार आणि मी तो पिणार. मला माझीच किळस आली. मी चहा ठेवला, बाहेर जाऊन पेटीतली पक्कड आणि चिमटा घेऊन आलो आणि म्हणालो, "ता काढू नको. मशीन बंद कर."

पकडीने स्क्रू सोडवले, पत्रा बाजूला ठेवला, तिच्या हातात बॅटरी दिली. दाणा चिमट्याने काढून तिच्या तळहातावर ठेवला.

"दसऱ्याक मीच अक्षता घातलंय. वरसून."

ती दाण्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली, आणि हसताहसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बायको धावत आली, दाणा बघून म्हणाली, "हेचीच पूजा घालूक होयी!" म्हणजे माझी. मशीन चालू केलं तेव्हा तो डासाचा आवाज परत आला. आकडा साडेचारवर गेला, आणि शनिवारी तिने वाढवलेली परवानगी तशीच असल्यामुळे पावणेपाचला जाऊन तिथेच टिकला. रंगवून झालेल्या चौकटी फुकट जात नाहीत. राहिलेल्यांचा हिशेब सोमवारी सकाळी आठचा निघाला, राजांगणासकट.

मग तिने विचारलं, "तुका कदी कळला?"

"आत्ताच," मी म्हणालो. "आवाजावरसून."

ती "बरा" म्हणाली.

ती पास झाली. दिवाळीनंतर मी तिला पुण्याच्या बसमध्ये बसवून आलो. कंपनीने तिथे कॉम्प्युटर दिला, त्यामुळे हा घरीच राहिला. येते तेव्हा ती तो चालू करते, एरवी बायको त्याच्यावर टॉवेल घालून ठेवते. घर रिकामं झालं का? झालं. मला वाटलं होतं तेवढंच झालं, जराही कमी नाही. पण चहा गोड लागतो, हे खरं आहे.

पुढच्या दसऱ्याला मी त्याला गंध लावत होतो तेव्हा तिचा व्हिडिओ कॉल आला. फोन भिंतीला टेकवून मी पूजा दाखवली. "फूल भायरच ठेव हां, बाबा," ती म्हणाली. मी अक्षतांचं ताट लांब सरकवून दाखवलं. ती हसली आणि मग त्याच आवाजात म्हणाली, "एक सांगू? त्या शनिवारी सांजवेळा मी परत पत्रो काढूक गेलंय. शुक्रवारी बोटांनी सुटलेलो स्क्रू हाललोच नाय. मी म्हटलंय, गंजलो असात. आणि रविवारी तू स्क्रूक हात लावच्या आदीच पक्कड घेवन इलंस."

मी गंधाची वाटी खाली ठेवली.

"मग तेव्हाच कित्या बोललंस नाय?" मी विचारलं.

"इलंस मां तू पक्कड घेवन," ती म्हणाली, आणि आईला बोलव म्हणून सांगू लागली.

फोन मी बायकोकडे दिला. मग पकडीने दोन्ही स्क्रू सैल केले आणि पुन्हा लावले, नुसत्या बोटांनी.