सूर्यफुलांना चोच लागली नाही

आधीच सांगते, मी पॅथॉलॉजिस्ट आहे. चौतीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसले आणि असले अनुभव सांगणाऱ्यांना तोंडावर "काहीतरीच काय!" म्हणत आले. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण कुणाला तरी सांगायलाच हवं.

आम्ही अमेरिकेतल्या नोव्हाय गावचे. माझे यजमान सुधीर ऑटो कंपनीत इंजिनियर होते. रिटायर झाल्यावर यांनी अडीच तास उत्तरेला दहा एकर जमीन घेतली. कशाला? तर हरणांना आणि पक्ष्यांना खायला सूर्यफुलं लावायची! रस्त्यापलीकडचा कार्ल नावाचा म्हातारा लावतो, ते बघून हे खूळ. मी म्हटलं, "अहो, आधी घरातली तुळस जगवून दाखवा." हसले नुसते.

मे संपता संपता पेरलं. कोवळी रोपं हरणं फस्त करतात, म्हणून ती गुडघ्याच्या वर जाईपर्यंत भोवती विजेची तार लावली होती. मग तार काढली आणि कडेच्या झाडावर कॅमेरा बांधला. ऑगस्टमध्ये फुलं आली. एका सकाळी यांचा तिथून फोन आला. माझी मंडळाच्या गणपतीची झूम मीटिंग चालू होती, मी कट केला. पुन्हा आला, पुन्हा कट केला. तिसऱ्यांदा मेसेज टाकला — "बिझी, नंतर." दुपारी कार्लला हे फुलांच्या कडेला पडलेले सापडले. हार्ट अटॅक. मदतीसाठी फोन केला होता की फुलं दाखवायला, ते मला कधीच कळणार नाही.

दहाव्याला भाड्याने घेतलेल्या हॉलच्या मागे पिंड ठेवला. पंधरा मिनिटं झाली तरी कावळा फिरकला नाही. बाराला हॉल रिकामा करायचा होता. मीच म्हटलं, "गुरुजी, दर्भाचा कावळा करा आणि आवरा." त्यांनी दर्भाचा कावळा पिंडाला शिववला, झालं.

सप्टेंबरअखेर माझा मुलगा निखिल मला तिकडे घेऊन गेला. फुलं दाण्यांनी वाकलेली, आणि एक दाणा कमी नाही! पलीकडे कार्लच्या रानात पाखरांचा नुसता गोंधळ, फुलं निम्मी रिकामी. तो डोकं खाजवत म्हणाला, "फनी. सेम सीड, सेम बॅग." कॅमेऱ्यात हरणं रोज दिसायची. कडेपर्यंत यायची, थांबायची आणि वळून जायची.

बुरशी असेल, म्हटलं. लॅबमधल्या मैत्रिणीकडून दाणे तपासून घेतले, एकदम क्लीन. दोन फुलं नोव्हायला आणून बॅकयार्डात टांगली, तर दुपारपर्यंत पक्ष्यांनी साफ केली. तेव्हा मात्र मला दहाव्याचा तो पिंड आठवला.

हसा खुशाल, पण पुढच्या शनिवारी भर उन्हात त्या शेताच्या कडेला मी हात जोडून उभी राहिले. पिंडाला कावळा शिवला नाही की आपल्याकडे जसं मोठ्याने वचन देतात, तसं. "अहो, निखिलकडे मी बघेन." काही नाही. "ही जमीन विकणार नाही." काही नाही. "नागपूरच्या वन्संशी बोलेन." बारा वर्षांचा अबोला होता आमचा. तिथूनच फोन लावला. वन्सं रडल्या, मी रडले. तरी एक पाखरू उतरेना.

मग जे बोलायची हिंमत होत नव्हती ते बोलले. तिथेच मातीत बसले आणि म्हणाले, "फोन घेतला नाही मी... चुकलं माझं. माफ करा." एक पिवळा पक्षी डोक्यावरून गेला आणि सरळ कार्लकडे उतरला.

"आई, स्टॉप. प्लीज," निखिल म्हणाला. "चल घरी."

"थांब रे, अजून एक..." म्हटलं, आणि पुढे काही सुचेचना. एक्केचाळीस वर्षांचा संसार! बीपीची गोळी कुठली, चहात साखर किती, सगळं पाठ. पण या माणसाच्या मनात काय राहिलं असेल, ते काही केल्या आठवेना. निखिलला विचारलं, "तुला कधी काही बोलले होते का रे?"

"नो, आई. ही नेव्हर सेड."

पुढे बर्फ पडलं. कॅमेऱ्यात भुकेली हरणं गुडघाभर बर्फात उभी दिसायची, माना वर करून फुलांकडे बघत. फुलांपर्यंत एकही आलं नाही. एप्रिलमध्ये फुलं काळी पडली होती, पण भरलेलीच. शेवटी कार्लने ट्रॅक्टर फिरवला. दाणे मातीवर पसरले, तरी त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही.

याला काय म्हणायचं, मला माहीत नाही. कार्लला माहीत नाही, लॅबला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला माहीत असलं तरी आता मला त्याचा काही उपयोग नाही. त्या दिवशी निघताना मी गाडीची काच खाली केली आणि त्या काळ्या मातीकडे बघून विचारलं, "अहो, तुम्हाला काय हवं होतं?"

एक्केचाळीस वर्षांत हे मी त्यांना पहिल्यांदाच विचारत होते.