डिस्कला झोपवणारा माझा भाऊ

माझा धाकटा भाऊ काय काम करतो, असं कुणी विचारलं की बाबा छाती फुगवून सांगायचे, "यंत्रांना झोपवतो." ऐकणारा आधी हसायचा, मग बाबांचा चेहरा बघून गप्प व्हायचा. बाबा घाऊक भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. त्यांचा आवाज पार फाटकाबाहेर उभ्या गाड्यांपर्यंत जायचा. आणि अशा माणसाच्या पोटी आला हा, ज्याला हाकेला 'ओ' द्यायचंही जिवावर यायचं! आई लवकर गेली, तेव्हापासून घरात आम्ही तिघंच.

मी पोस्टात काउंटरवर बसते. दिवसभर लोकांशी हुज्जत घालून घरी आलं की मला दिवे, पंखे, सगळं चालू लागतं. हा मागून येऊन एकेक बंद करत सुटायचा. "अरे, पाणी प्यायला उठलेय, मेले नाहीये मी!" असं मी ओरडायचे. ऑफिसात त्याला सगळे 'चिक्कू' म्हणायचे ते काही उगाच नाही. लग्नाचा विषय काढला की म्हणायचा, "बायकोनं दिवे चालू ठेवले तर?" आणि स्वतःच्याच विनोदावर कानापर्यंत लाल व्हायचा.

त्याचं काम त्यानं मला एकदा भांडी विसळता विसळता समजावलं होतं. कंप्युटरची जी ऑपरेटिंग सिस्टीम असते, तिचा एक छोटासा कोपरा याच्या ताब्यात. हल्लीच्या डिस्कमध्ये फिरणारं काही नसतं, नुसत्या चिपा असतात, पण त्याही वीज खातात. म्हणून काम नसलं की सिस्टीमनं डिस्कला झोपवायचं. आधी डुलकी, मग झोप, मग अगदी गाढ झोप. जितकी गाढ, तितकी बॅटरी वाचते, पण उठायलाही तितका उशीर. कधी झोपवायचं आणि किती खोल, हे ठरवायची याची नोकरी.

"एवढंच?" मी म्हटलं.

"एवढंच," तो म्हणाला. "पण हाक मारल्यावर उठली पाहिजे ना ती."

त्याची एक रीत होती. नवीन काही केलं की ते आधी घरातल्या मशीनवर चालवायचं, मग ऑफिसात द्यायचं. जे आपल्या माणसांना द्यायची हिंमत नाही, ते परक्यांच्या गळ्यात मारायचं नाही, असं त्याचं म्हणणं. माझ्या लॅपटॉपवर त्यानं इतके प्रयोग केले की एकदा मी तो त्याच्या अंगावर फेकणार होते. पण खोटं कशाला बोलू, मला त्याच्या या रीतीचा अभिमानही होता.

मग बाबांना तो आजार झाला. स्नायू एकेक करून निकामी होत जातात. डॉक्टर म्हणाले, हात जातील, जीभ जाईल, शेवटी श्वास. डोकं मात्र शेवटपर्यंत लख्ख राहील. मी ढसाढसा रडले. हा रडला नाही. दुसऱ्याच दिवशी माइक घेऊन बाबांसमोर बसला आणि त्यांच्याकडून पानंच्या पानं वाचून घ्यायला लागला. बाबा कंटाळून शिव्या द्यायचे, त्याही यानं जपून ठेवल्या. जीभ गेली तोवर लॅपटॉप बाबांच्या आवाजात बोलायला शिकला होता. पडद्यावर अक्षरं एकामागून एक उजळायची. हवं ते अक्षर आलं की बाबा एका बोटानं गुंडी दाबायचे. शेवटी 'बोल' दाबलं की पडदा पुसला जायचा आणि बाबांचा आवाज खोलीत घुमायचा. त्यावर बाबा पहिलं वाक्य काय बोलले असतील? "चहात साखर घातली नाहीस." मी हसत होते आणि डोळेही पुसत होते.

एक नियम बाबांनी घालून दिला होता. ते वाक्य जुळवत असताना पडद्यात कुणी डोकवायचं नाही. लोक डोकवायचे आणि घाईनं वाक्य स्वतःच पुरं करायचे, त्याचा बाबांना भयंकर संताप यायचा. जन्मभर लिलाव पुकारलेला माणूस, त्याच्या तोंडचा आकडा दुसऱ्यानं उचलावा? म्हणून आम्ही दोघं लॅपटॉपच्या मागच्या बाजूला बसायचो आणि नुसती गुंडीची टिकटिक ऐकायचो.

बाबांना संध्याकाळी चाकांच्या खुर्चीतून बाजारात न्यावं लागे. रिकाम्या टोपल्यांवर त्यांचे जुने दोस्त जमायचे. गप्पा रंगात आल्या की नेमकी बॅटरी संपायची. तिथे आसपास प्लग नाही. दोस्त आपले पुढे बोलत राहायचे आणि बाबा डोळे फिरवत एकेकाच्या तोंडाकडे बघत बसायचे. ते बघून धाकट्यानं मनावर घेतलं. बाबा अक्षरं जुळवत असतात तेव्हा डिस्कला काहीच काम नसतं. आवाजाच्या फायली डिस्कवर, त्यामुळे तिची गरज फक्त बोलताना. मग मधल्या वेळात तिला अगदी तळापर्यंत झोपवलं तर? त्यानं तशी सोय सिस्टीममध्ये केली आणि रीतीप्रमाणे पहिल्यांदा घातली ती बाबांच्या लॅपटॉपवर. त्या संध्याकाळी बॅटरी गप्पांना पुरून उरली. घरी येताना बाबांनी यंत्रातून एक जुनी शिवी हासडली. ती शाबासकी होती.

पुढे बाबांना धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, घशात नळी घालून श्वासाचं मशीन लावता येईल. बाबा नको म्हणाले. मी मान्य केलं. धाकट्यानं केलं नाही. एक दिवस सकाळी तो बाबांच्या पलंगापाशी उभा राहून पुन्हा विनवायला लागला आणि बाबांनी डोळे मिटून घेतले. तेव्हा याचा तोल गेला. माझा हा मुखदुर्बळ भाऊ ओरडला, "तुमचं काय, तुम्ही सुटाल! मागे राहणारं मरेना का!" आणि दार आपटून पलीकडच्या खोलीत जाऊन बसला. जेवायलाही आला नाही.

दुपारी मी बाबांची उशी सारखी करत होते. टिकटिक सुरू झाली. मग बाबांचा आवाज आला, "धाकट्याला सांग, की". एवढंच. एवढं बोलून आधी माझं लक्ष वेधून घेतलं होतं त्यांनी. मी मुकाट्यानं लॅपटॉपच्या मागे जाऊन बसले. पुढचं वाक्य लांबलचक होतं. बोट थकायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं. बाबांच्या कपाळावर घाम आला होता. अखेर त्यांनी 'बोल' दाबलं आणि माझ्याकडे बघितलं.

काहीच आलं नाही. मी वाट पाहिली. बाबांनी पुन्हा दाबलं. तरी नाही. उठून पाहिलं तर पडदा कोरा, आणि अक्षरं उजळायची थांबलेली. मी किंचाळले, "अरे ये इकडे! हे बंद पडलंय!"

तो धावत आला. एक-दोन कळा दाबल्या, मशीनवरचा छोटा दिवा निरखला, आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "डिस्क उठत नाहीये," तो म्हणाला.

"मग बंद करून चालू कर ना!"

"ताई, वाक्य आत अडकलंय. बंद केलं तर ते पुसलं जाईल."

"आणि नाही केलं तर?"

"तर बाबांना बोलता येणार नाही."

पुढचं वर्णन मला नीट करता येत नाही. बाबांची छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि डोळे धाकट्यावर खिळले होते. हा हात जोडल्यासारखा त्या मशीनपुढे बसून पुटपुटत होता, "ऊठ ना गं. ऊठ." ती उठली नाही. शेवटी त्यानं बटण दाबून धरलं. मशीन बंद झालं, चालू झालं, अक्षरं पुन्हा उजळायला लागली. त्यानं बाबांचं बोट गुंडीवर ठेवलं. "बाबा, परत सांगा. एकच शब्द सांगा." बोट हललं नाही. नजरेनं तरी दाखवतील म्हणून मी कागदावरचा अक्षरांचा तक्ता त्यांच्या डोळ्यांसमोर धरला, पण डोळे मिटत चालले होते. संध्याकाळ व्हायच्या आत बाबा गेले.

काय झालं ते त्यानं नंतर शोधून काढलं. सिस्टीमच्या कसल्याशा बारीक कामानं डिस्क मध्येच उठली होती, आणि पुन्हा गाढ झोपेत शिरत असतानाच बाबांनी 'बोल' दाबलं. नेमक्या त्या क्षणी हाक आली तर तसल्या डिस्क अडकतात आणि वीज तोडल्याशिवाय सुटत नाहीत. त्यानं ती सोय बदलली. त्या जातीच्या डिस्कना इतकं खोल झोपवायचंच नाही, असं सिस्टीमला शिकवलं. साहेब म्हणाले, "चिक्कू, बरं झालं, बाहेर जायच्या आधी सापडलं." हे मला सांगताना त्याचा आवाज अगदी सपाट होता.

घरी मात्र त्यानं माझा पिच्छा सोडला नाही. "ताई, 'सांग, की' म्हणताना बाबा रागात होते का गं?" मी म्हणायचे, "यंत्राला कसला आलाय राग? ते सगळं एकाच सुरात बोलतं." मग तो विचारायचा, डोळे कसे होते? टिकटिक भरभर होती की सावकाश? चहा पिताना तेच, मी कामाला निघताना तेच. एकदा मी चिडून त्याच्या अंगावर धावून गेले. त्यानं मान खाली घातली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. हा माणूस असाच झिजत जाणार, हे मला दिसत होतं.

शेवटी एका रविवारी दुपारी मी बाबांचा लॅपटॉप काढला, त्याला शेजारी बसवलं आणि एकेक अक्षर जुळवून 'बोल' दाबलं. खोलीत बाबांचा आवाज आला, "धाकट्याला सांग, की मी रागावलो नाही."

तो म्हणाला, "हे तू लिहिलंस."

"हो, मीच लिहिलं. काय करू मग? तुला रोज असा बघत बसू?" मला हुंदका आवरेना.

तो खुर्ची ओढून लॅपटॉपच्या मागच्या बाजूला, आमच्या नेहमीच्या जागी जाऊन बसला.

"परत लाव," तो म्हणाला.