फळीवरचा प्लग

खाडी ओलांडायच्या होडीचं मशीन आज पुन्हा चालू होईना. तानूभाऊ दोरी ओढत होते आणि मशीन नुसतं फुरफुरून गप्प होत होतं. जुनं झालंय ते, तानूभाऊही झालेत. होडीत आम्ही दोघीच, शाळेत शिकवायला निघालेली मी आणि टोपली घेऊन बसलेली कोळीण. ती म्हणाली, "चोक दे की अजून."

"चोक देऊन देऊनच गुदमरलंय ते," तानूभाऊ म्हणाले. "पेट्रोल जास्त झालं. आता जितकं ओढू तितका प्लग अजून भिजेल."

त्यांनी प्लग काढला, फडक्याने पुसला आणि फळीवर उन्हात ठेवला. मग न पेटवलेली विडी ओठांत धरून ते स्वस्थ बसून राहिले.

शाळेला उशीर होत होता, पण घाई करा म्हणायचंही त्राण नव्हतं. नोकरी सुटल्यापासून आमचे हे भिंतीकडे तोंड करून पडलेले असतात. उठा, दाढी करा, जरा बाहेर जाऊन या, असं मी रोज सकाळी म्हणते. होडीतून उतरले की फोनवर पुन्हा तेच. चांगल्यासाठीच म्हणते. माझेही हात आता भरून आलेत.

बऱ्याच वेळाने तानूभाऊंनी प्लग बसवला, चोकला हात न लावता दोरी ओढली. मशीन दोनदा खोकलं आणि चालू झालं.

पलीकडे उतरल्यावर सवयीने फोन काढला, घरचा नंबरही लावला. पहिली रिंग वाजायच्या आत तो बंद केला, आणि शाळेची चढण चढू लागले.