दुखत नाही, म्हणजे चावला नाही?

बाबांनी जानेवारीत जाहीर केलं की आता बस झालं, जूनमध्ये ते नागपूरला कायमचे परत जाणार. आई गेल्यानंतर तीन वर्षं ते आमच्याकडे अमेरिकेत, ईडन प्रेरीला आहेत आणि तीन वर्षं ते बर्फाकडे संशयाने बघत आलेत. "हे काही माणसानं राहायचं ठिकाण नाही," असं ते खिडकीशी उभे राहून म्हणतात आणि मग चहा मागतात. नागपूरला स्वतःच्या घरात एकटं राहायचं, स्वतःचं स्वतः करून खायचं, सकाळी विहारात जायचं, असा त्यांचा बेत. मी नको म्हणून बघितलं, पण तब्येत ठणठणीत, शुगर गोळ्यांवर आटोक्यात. अडवायचं तरी कशाच्या जोरावर?

मग मी विचारलं, जायच्या आधी कुठे जायचंय? मला वाटलं ग्रँड कॅन्यन म्हणतील. बाबा म्हणाले, "आफ्रिका." ताडोबा आणि नागझिरा पालथं घातलेला माणूस, दुसरं काय मागणार!

तर ही आमची निरोपाची सहल. बाबा, मी आणि माझी तेरा वर्षांची मुलगी मैत्री. नवरा, सुमेध, ऑफिसच्या मीटिंगांना बांधलेला, त्यामुळे घरीच. मैत्रीच्या स्प्रिंग ब्रेकला पुढेमागे थोडी सुट्टी जोडली. जाणाऱ्यांसाठी कामाची गोष्ट: अमेरिकन पासपोर्ट असेल तर दक्षिण आफ्रिकेच्या छोट्या ट्रिपसाठी व्हिसाची कटकट नाही, पण घरातल्या कुणाचा पासपोर्ट भारतीय असेल तर ते काम सगळ्यात आधी हातात घ्या. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारा. अटलांटाहून जोहान्सबर्गची थेट फ्लाइट मिळते. ती संपतच नाही.

जोहान्सबर्गला गाडी भाड्याने घेतली आणि माझा गोंधळ तिथूनच सुरू झाला. तिकडे गाडी डावीकडून चालवतात. मी नागपुरात स्कूटर शिकले, म्हणजे हे मला यायला हवं. पण इतकी वर्षं उजवीकडून ड्राइव्ह केल्यावर मी ना इकडची राहिले ना तिकडची. वळताना दर वेळी इंडिकेटरऐवजी वायपर चालू व्हायचे. "ऊन पडलंय ग, काच काऊन पुसून राहिली?" बाबा मागून विचारायचे आणि मैत्री खिदळायची.

रस्ता मात्र सुंदर. एन-फोर हायवेने निघायचं (टोल आहे, सुटे पैसे किंवा कार्ड जवळ असू द्या), डलस्ट्रूमला पॅनकेक खायला थांबायचं आणि मग डोंगर उतरून हूडस्प्रूटकडे. डलस्ट्रूमच्या पुढे खड्डे आहेत, गाडी हळू घ्या. पेट्रोल पंपावर स्वतः उतरून भरायचं नसतं, माणूस भरतो, काच पुसतो, त्याला टीप द्यायची. बाबा या पद्धतीवर फार खूश झाले. त्यांच्या मते शिकल्यासवरल्या माणसाला अमेरिकेत स्वतः पेट्रोल भरायला लावणं हा सुधारणेचा अतिरेक आहे.

आमचा कॅम्प क्रूगर नॅशनल पार्कच्या बाहेर, एका खासगी जंगलात होता. लाकडी ओट्यावर बांधलेले तंबू, आत पलंग, गरम पाणी, सगळी ऐट. पार्कातल्या सरकारी कॅम्पपेक्षा हे महाग पडतं, पण जेवण आणि दोन वेळची गेम ड्राइव्ह, म्हणजे उघड्या गाडीतून प्राणी बघायची फेरी, त्यात येते, त्यामुळे हिशेब फार बिघडत नाही. आमची गाइड लेराटो, तिशीतली, हसरी, गाडी उलटीसुद्धा सुलट्याच्या वेगाने चालवणारी. पहिल्याच संध्याकाळी तिने नियम सांगितले. अंधारात एकटं फिरायचं नाही. बूट झटकल्याशिवाय घालायचे नाहीत. आणि अनवाणी जमिनीवर पाय ठेवायचा नाही, कारण हा पफ अ‍ॅडरचा भाग आहे. हा साप माणसाला बघून पळत नाही, पालापाचोळ्यात पडून राहतो, आणि पाय पडला की चावतो.

"म्हणजे आपली घोणस," बाबा मला म्हणाले. ओळखीचं कुणी भेटल्यासारखं.

पहिले दोन दिवस नुसती चंगळ. हत्ती इतके, की मैत्री दुसऱ्या दिवशी दुपारी फोनमधून मान वर न करता म्हणाली, "ओके, मोअर एलिफंट्स." जिराफ, गेंड्याची मागची बाजू, आणि झुडपाखाली झोपलेली एक सिंहीण, जिने आमच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. जेवणात पाप मिळायचं, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि त्याच्याबरोबर चकालाका नावाची टोमॅटो-गाजर-शेंगांची तिखट भाजी. शाकाहारी लोकांनी घाबरू नये, पोट भरतं. बाबांनी तर दोनदा मागून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी जे झालं ते मला अजून धड सांगता येत नाही.

बाबा रोज सकाळी वंदना घेतात. त्रिसरण, पंचशील, आणि थोडा वेळ डोळे मिटून उभं राहायचं. घरी मोजे घालून, हीटरच्या शेजारी. इथे मैत्री झोपली होती, तिला आवाज नको म्हणून ते ओट्याच्या पायऱ्या उतरून खाली गेले. आणि वंदनेला पायात चपला कशा ठेवायच्या? सँडल काढून बाजूला ठेवली, मोजेही काढले, आणि बाभळीच्या जातीच्या एका झाडाखाली पूर्वेकडे तोंड करून हात जोडले. लेराटोचा नियम त्यांना पाठ होता. पण तो फिरण्याबद्दल आहे, वंदनेबद्दल नाही, असं त्यांना वाटलं असावं. आमच्या घरात कुणालाही तसंच वाटलं असतं.

मी बाहेर आले ती आवाजाने. कुकरची शिट्टी होण्याआधी जसा फुसफुसाट होतो तसा. लेराटो आम्हाला ड्राइव्हला न्यायला येत होती, ती वाटेतच थांबली आणि अगदी हळू म्हणाली, "सर, हलू नका." तोवर मैत्रीही उठून माझ्यामागे आलेली.

बाबांच्या टाचेपासून वीतभर अंतरावर पाचोळा जरा जास्तच जाड होता. त्याच्यावर पिवळट-तपकिरी नक्षी होती आणि तो श्वास घेत होता.

बाबांनी डोळे उघडले, मान खाली केली आणि एकही स्नायू हलवला नाही. माझी पाचावर धारण बसली. यानंतर जे घडलं त्याच्या तीन हकीकती आहेत. मैत्री म्हणते, सापाने झडप घातली आणि तो आजोबांना चावला, तिने डोळ्यांनी पाहिलं. लेराटो म्हणते, झडप घातली, पण सँडलवर. माझी हकीकत नाही, कारण मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा साप सरळ रेषेत, सुरवंटासारखा, अजिबात घाई न करता गवतात जात होता.

बाबांना धरून ओट्यावर आणून बसवलं. टाचेच्या वर दोन लाल ठिपके होते, शेजारीशेजारी.

"दुखतंय?" लेराटोने विचारलं.

"नो मॅडम," बाबा म्हणाले. "नो पेन. नॉट अ‍ॅट ऑल."

लेराटोने दोनदा विचारलं, दोनदा तेच उत्तर. मग तिने मोठा श्वास सोडला आणि हसली. पफ अ‍ॅडर चावला तर माणूस असा बसून बोलत नाही, म्हणाली, पाय आगीत घातल्यासारखा ओरडतो. दुखत नाही, म्हणजे चावला नाही. तिने झाडाकडे बोट दाखवलं. त्या झाडाचे काटे आपल्या बाभळीसारखेच, जोडीने येणारे, पांढरे आणि लांब. दोन काटे, दोन ठिपके. झालं!

"बट आय सॉ इट," मैत्री म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. मीही नाही. साप साप म्हणून भुई धोपटणं नको, असं मला वाटलं. लेराटोने थर्मास आणला, कडक टोस्ट काढले, आम्ही हसायला लागलो. मी तर सुमेधला फोनवर मेसेजही लिहायला घेतला, की तुझे सासरे सापाच्या साक्षीने बुद्धवंदना घेऊन आले.

बाबा उठून चहा घ्यायला गेले. ताठ, नेहमीच्या चालीने. आणि मागे लाकडावर लाल डाग उमटत गेले.

"बाबा, थांबा. पाय वर करा."

उजव्या तळव्यात एक काटा होता. पुरता रुतलेला, अंगठ्याच्या पेराएवढा. त्याच्यावर वजन देऊन ते अख्खा ओटा चालून गेले होते. त्यांनी वाकून पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर दुसऱ्या कुणाचा तरी पाय बघितल्यासारखा भाव होता.

"हे टोचलं नाही तुम्हाला?"

त्यांनी काट्याला बोट लावून बघितलं.

"बाबा, कधीपासून?"

"दोन हिवाळे झाले असतील," ते म्हणाले. "आधी मुंग्या यायच्या. मग त्याही बंद झाल्या. मला वाटलं, तुमच्या इथल्या थंडीनं."

मला हे समजायला वेळ लागला. डायबेटिसने पाय बधिर होतात हे मी वाचलेलं आहे, पण ते दुसऱ्यांच्या वडिलांचे. मग एकदम डोक्यात शिरलं. ज्या पायाला एवढा काटा कळत नाही, त्याला सापाचा दात कळेल कसा? नाही दुखत, हे बाबांनी खरंच सांगितलं होतं. फक्त त्याचा काही अर्थ नव्हता. मी लेराटोला सांगितलं, तेव्हा तिचं हसू गेलं आणि ती गाडीकडे धावली.

कुणी तिकडे जाणार असेल तर हे नीट वाचा. बाबांना टॉवेलने पाय आवळून बांधायचा होता, आपल्याकडे पूर्वापार बांधतात तसा. लेराटोने बांधू दिला नाही. कापायचं नाही, चोखायचं नाही, बर्फ लावायचा नाही, चालायचं नाही. पाय स्थिर ठेवायचा आणि थेट हॉस्पिटल. आम्ही बाबांना मागच्या सीटवर आडवं केलं, लेराटो चालवत होती, मैत्री आजोबांचा हात धरून बसली होती. आमच्यात नवस बोलायची सोय नाही, त्यामुळे मी नुसतीच पायाकडे बघत राहिले. सुजतोय का? सुजल्यासारखा वाटायचा. पुन्हा बघितलं की नाही वाटायचा. मनात सारखं तळ्यात-मळ्यात, तळ्यात-मळ्यात.

हॉस्पिटलमधले डॉक्टर तरुण आणि शांत होते. त्यांनी काटा काढला, ठिपक्यांभोवती पेनने गोल काढला, रक्त तपासायला घेतलं. लक्षणं दिसली तरच सापाच्या विषावरचं औषध देणार, कारण त्या औषधाचाही त्रास होऊ शकतो. तोवर थांबायचं. सूज त्या गोलाबाहेर जाते का, ते बघायचं.

थांबलो. मैत्री खुर्चीत झोपली. मला बाबांवर चिडायचं होतं आणि त्यांच्या कुशीत रडायचंही होतं, यातलं आधी काय करायचं ते ठरेना.

"सांगितलं काऊन नाही?" मी विचारलं. रागावले की माझी नागपुरी बाहेर येते.

"सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतं तू?"

"नसतं दिलं."

"मग?" बाबा म्हणाले. "तीन वर्षं झाली, मी दुसऱ्याच्या घरात दाराला हात न लावता राहून राहिलो. तुझं घर आहे, तू लेक आहे, सगळं खरं. पण मला माझी किल्ली पाहिजे, बेटा."

मी म्हटलं, मे महिन्यात तापलेल्या गच्चीवर तुम्ही अनवाणी जाल आणि तळवे भाजले तरी कळणार नाही. ते म्हणाले, चपला घालीन. मी म्हटलं, आज सकाळी घातल्या होत्या का? ते चादर सारखी करत बसले. एवढं बोलून जिंकल्याचा आनंद वगैरे काही झाला नाही.

पाय सुजला नाही. रक्त ठीक आलं. दुसऱ्या दिवशी सोडलं. म्हणजे चावला नव्हता ना, असं मी डॉक्टरांना जाता जाता विचारलं. ते म्हणाले, कदाचित काटेच असतील. कदाचित चावलाही असेल, पण विष सोडलं नसेल, सापांचं असं होतं कधीकधी. नक्की सांगता येणार नाही. मैत्रीने विजयी मुद्रेने माझ्याकडे पाहिलं. उरलेल्या दिवसांत आम्ही गाडीतूनच जंगल पाहिलं. शेवटच्या संध्याकाळी बिबट्या दिसला, तोही स्वच्छ. बाबा खूप खूश झाले, आणि मी बिबट्या सोडून बाबांच्या बुटांच्या लेसकडे बघत होते.

परत येऊन आता महिना होईल. बरेच जण विचारतात, आफ्रिकेला जावं का? जा. जरूर जा, विमा काढून जा, बूट घालून फिरा. मुलांना न्या आणि मुलं काही पाहिलं म्हणाली तर ऐका. बाकी मला काय वाटतं ते मला अजून कळलेलं नाही. त्या सापाने आमचं वाईट केलं की भलं केलं, तेही कळलेलं नाही. जूनचं तिकीट अजून कॅन्सल केलेलं नाही. सुमेध म्हणतो, बाबांना ठरवू दे. मैत्री म्हणते, आय विल गो विथ हिम. मी रोज सकाळी एक ठरवते आणि रोज संध्याकाळी दुसरं.

इथल्या डॉक्टरांनी बाबांचे पाय तपासून आम्हाला एक साधी गोष्ट शिकवली. रोज तळवे नीट बघायचे, आणि अधूनमधून डोळे मिटायला सांगून, पायाच्या बोटांच्या टोकांना हलकेच बोट लावून विचारायचं, कळतंय का. काल जेवणं झाल्यावर बाबा सोफ्यावर पाय लांब करून बसले, मी खाली बसले. त्यांनी शहाण्या मुलासारखे डोळे घट्ट मिटले. मी विचारलं, "कळतंय?"

"हो तर," बाबा लगेच म्हणाले. "चांगलं कळून राहिलं."

मी अजून हात लावला नव्हता.