समासातली नोंद

हेझल ॲनेटच्या बायबलचा समास शाईने भरत आला होता. आमच्या ख्रिस्ती मंडळीत तशी सवयच आहे: रविवारी प्रार्थनेच्या हॉलमध्ये कुणी वचन उलगडून सांगितलं, की ते समासात लिहायचं, खाली बोलणाऱ्याचं नाव आणि तारीख. पेन्सिल घेतलीस, तर हेझलची आई, म्हणजे माझी मावशी, जिचं घर तेच माझंही, विचारणार, "का गं, देव उद्या शब्द फिरवेल असं वाटतं?"

सिक्स्थ फॉर्मला, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांना, हेझलने धर्मशास्त्र घेतलं. "बायबलच ना? मग त्यात शाळा काय बिघडवणार?" म्हणत तिच्या वडिलांनी, म्हणजे काकांनी, सही केली आणि ते मासेमारीच्या बोटीवर गेले. उत्तर आयर्लंडात, काउंटी डाउनच्या आमच्या किनाऱ्यावर सह्या अशाच होतात, भरतीची वेळ बघून.

पुढल्या वर्षी हेझलला तोच विषय शिकायला समुद्रापलीकडे इंग्लंडात, डरमच्या विद्यापीठात जागा मिळाली. आता फक्त पत्र हवं होतं. परगावी जाणाऱ्याला इथली मंडळी तिथल्या मंडळीच्या नावे पत्र देते. पत्राशिवाय तिथे कुणी प्रभुभोजनाची भाकर मोडायला बसू देत नाही, आणि काका पत्राशिवाय तिला जाऊ देणार नव्हते.

गुरुवारी चहाला मिस्टर न्यूएल आले. मंडळीतले ज्येष्ठ; पत्र लिहायचं तर त्यांनीच. मऊ बोलणारा माणूस. सोडा ब्रेडला जाम लावत म्हणाले, "डरमला असा जाम मिळायचा नाही, हेझल."

"बरणी देईन ना बरोबर," मावशी म्हणाली.

"दे, दे. परक्या हातचं खायच्या आधी पोटात घरचं असावं. जा पोरी, तुझं बायबल आण."

ज्याच्या घरी जायचं त्याचंच बायबल उघडायचं, ही त्यांची रीत आम्हाला ठाऊक होती. तरी हेझल धावत वर गेली. समासात काय लिहिलंय ते तिला आठवलंच नाही.

त्यांनी उत्पत्तीच्या पुस्तकाचा पहिला अध्याय मोठ्याने वाचला; आमच्याकडे ते सगळं मोशेनेच लिहिलेलं मानतात. दुसऱ्यावर आले आणि थांबले. मग समास वाचला, त्याच आवाजात.

"'इथून लिहिणारा वेगळा. मोशे नव्हे. मिस डोरन, नऊ ऑक्टोबर.'" त्यांनी चष्मा काढला. "या मिस डोरन कुठल्या हॉलमध्ये बोलतात?"

काका हसले, मग हसायचे थांबले. आमच्याकडे बायका हॉलमध्ये बोलत नाहीत.

"शाळेतल्या बाई त्या," मावशी घाईने म्हणाली. "फळ्यावरचं उतरवून घेतलं असेल. वर्गात उतरवावंच लागतं. हो ना, हेझल?"

"उतरवून घेतलंस?" मिस्टर न्यूएलनी विचारलं.

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. मी टेबलाखालून तिच्या पायावर पाय दाबला.

"फळ्यावर काही नव्हतं," हेझल म्हणाली. "बाई बोलल्या. मला महत्त्वाचं वाटलं, म्हणून मी लिहिलं."

"आणि खरं वाटलं?"

"अजून ठरत नाही. म्हणून तर शिकायला जायचंय."

"हेझल," काका म्हणाले. तेवढंच.

मिस्टर न्यूएलनी खिशातून पेन काढलं, तिच्या नोंदीखाली साक्षीला स्वतःचं नाव आणि तारीख घातली. मग दुसरा कप चहा मागितला. दारात टोपी घालताना म्हणाले, "पत्र रविवारी वाचतो."

"म्हणजे देणार ते," मावशी कप विसळत म्हणाली.

"पत्रं दोन तऱ्हेची असतात, आयरीन," काका म्हणाले.

रविवारी भाकरीच्या टेबलाभोवती आमच्या घराच्या तीनच खुर्च्या होत्या. चौथी दाराजवळ भिंतीला लावलेली, तिच्यावर एक गीतपुस्तक नीट ठेवलेलं. मावशीने हेझलची बाही धरली. हेझलने ती हळूच सोडवली, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि तिथे जाऊन बसली.

पत्र डरमसाठी नव्हतं; हेझलला भाकरीपासून दूर ठेवण्याचं होतं. ते वाचून झाल्यावर भाकरीची थाळी फिरली. काकांकडून मावशीकडे, मावशीकडून माझ्याकडे. माझ्यापुढे, हेझलच्या जागी, कुणी नव्हतं. मी थाळी परत फिरवली.

मागे दाराजवळ बायबलची पानं उलटली, मग हेझलच्या पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला. मिस्टर न्यूएलनीही तो ऐकला.