चौरंगावर न मावलेली जोडी

परमेश्वराने सृष्टीत इतक्या वस्तू निर्माण करून व्यर्थ श्रम घेतले, प्रत्येक जातीची एकेक पुरली असती, असे मनापासून मानणारा एकच मनुष्य मला अठ्ठ्याहत्तर वर्षांत भेटला, आणि तोही फेल्डहोवन या परदेशी गावात, माझ्या लेकीच्या घरासमोर. मधून सायकलींचा तांबडा रस्ता जातो. त्याच्या पलीकडे हे गृहस्थ राहत. मूळचे पुण्याचे, वय सेहेचाळीस, व्यवसाय चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या अभियंत्याचा. व्यवसाय मुद्दाम सांगतो. ज्या कारखान्यात प्रत्येक स्क्रूला स्वतंत्र पाना आणि प्रत्येक पान्याला स्वतंत्र कप्पा असतो, तेथे दिवसभर निष्ठेने राबून हे संध्याकाळी घरी येत, आणि एकाच सुरीने टपालाची पाकिटे फोडीत, आंबा चिरीत आणि सायकलीच्या साखळीतला चिखल खरवडीत. मधल्या वेळी ती सुरी धूत असत, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

त्यांचा कोटही एकच होता. तो पावसात, कार्यालयात आणि आमच्या सत्यनारायणाला सारख्याच सन्मानाने येई; एकदा प्रसादाचा द्रोण ठेवायला त्यांनी खिसा रिकामा केला, तेव्हा त्यातून टायरचे ठिगळ, मुलीचा मोजा आणि अर्धे गाजर निघाले. त्यांच्या पत्नी शांत स्वभावाच्या, परंतु एके दिवशी त्या सरळ माझ्याकडे फिर्याद घेऊन आल्या. "काका, इस्त्री बिघडली म्हणून याने पोळ्यांचा तवा तापवून शर्टावर फिरवला. शर्टावर पोळीसारखे डाग पडले, आणि तोच घालून हा ऑफिसला गेला." मागोमाग गृहस्थ आलेच होते. ते म्हणाले, "गुरुजी, डाग पाठीवर आहेत. मीटिंगमध्ये माझी पाठ कोण बघतो?" मग त्यांनी आपले तत्त्व सांगितले, जे मी पुढे अनेकदा ऐकले. "शंभर कामांना शंभर वस्तू घेतल्या, की माणूस त्या शंभरांचा रखवालदार होतो. एकीलाच शंभर कामं शिकवली, की दोघंही शहाणे होतात." हे वाक्य कोणत्या दर्शनात बसवावे, याचा मी काही काळ विचार केला. बसले नाही, पण टाकवलेही नाही.

या तत्त्वाची परमावधी म्हणजे त्यांच्या स्की. बर्फावरून घसरण्यासाठी पायांना बांधतात त्या लांब पट्ट्यांना स्की म्हणतात, हे ज्ञान मला त्यांच्याकडूनच झाले. कधीकाळी ऑस्ट्रियाच्या पर्वतांत गेले असताना त्यांनी ही एक जोडी घेतली: माझ्या उंचीहून लांब, आणि मधोमध माझ्या पंजाहून रुंद. ताजा भुसभुशीत बर्फ असो, गोठून दगड झालेला असो, सर्व डोंगरांवर चालावी अशी तिची घडण. अडचण इतकीच, की या देशात डोंगर नाही. येथे चढ म्हणजे कालव्यावरचा पूल. तेव्हा येथील लोकांनी तासाभराच्या अंतरावर एक प्रचंड छप्पर उभारून त्याखाली उतार केला आहे आणि त्यावर बारमाही बर्फ राखला आहे. मी त्याला हिमगृह म्हणतो. त्याच्या एका कडेला टेरेन पार्क नावाचे क्रीडांगण आहे. तेथे बर्फात लोखंडी दांडे आणि लांबट खोकी रोवलेली असतात. वेगात यायचे, उडी मारून दांड्यावर आडवे उभे राहायचे, आणि टोकापर्यंत घसरत जाऊन पुन्हा बर्फावर उतरायचे, असा तो खेळ.

आता हा खेळ खेळणाऱ्यांच्या स्की अरुंद, हलक्या, आणि दोन्ही टोकांना वर वळलेल्या असतात. उलटे उतरले तरी शेपूट बर्फात रुतत नाही. आमच्या गृहस्थांची जोडी रुंद, जड, आणि शेपटीला जवळजवळ सपाट. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर कलायला ती इतका वेळ घेई, की तोवर समोरचा दांडा संपून जावा. "मग ती दांड्यावर चढवताच कशाला?" मी विचारले. त्यांनी फार गंभीरपणे उत्तर दिले. "रुंद बुडाला बसायला जागा जास्त, गुरुजी. एकदा बसली की हलत नाही. बसेपर्यंतचा प्रश्न आहे." तेथील तरुण पोरे त्यांना पाहिले की म्हणत, "मेनेर, आज पण घराचं दार काढून आणलंत?" मेनेर म्हणजे महाशय. महाशय हसत, आणि दार खांद्यावर टाकून वर जात.

परंतु दोन हिवाळ्यांपूर्वी तेथल्या सर्वांत लांब दांड्यावरून ते पडले आणि मनगट मोडून बसले. हात बरा झाला. मन झाले नाही. दांड्याच्या तोंडापर्यंत येत, आणि ऐन उडीच्या क्षणी बाजूने निघून जात. हिमगृहात हा खेळ शिकवणाऱ्या मुलीने सुचवले, की आमच्याकडच्या अरुंद स्की भाड्याने घ्या, सोपे जाईल. यांनी नकार दिला. "परक्या पायांनी पार केला, तर मी पार केला असं कसं म्हणू?" अशातच कारखान्याने त्यांची दोन वर्षांसाठी अशा ठिकाणी नेमणूक केली, जेथे बर्फ फक्त सरबतात सापडतो. डिसेंबरात निघायचे ठरले.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मी नेहमीप्रमाणे चौरंग मांडला. आसपासची मंडळी आपापली आयुधे घेऊन आली: लॅपटॉप, मोटारीच्या किल्ल्या, कोणा डॉक्टरीणबाईंचा स्टेथोस्कोप. सर्वांत शेवटी हे गृहस्थ खांद्यावर जोडी घेऊन दारात उभे राहिले.

"गुरुजी, हिलाही हळदकुंकू लावा. जाण्यापूर्वी तो दांडा एकदा पार करायचा आहे. शेवटपर्यंत. एकदाच."

मी जोडीकडे पाहिले. मधोमध बूट अडकवण्याचा खटका होता. "ही पायांत घालतात ना?"

"पायांखाली असते."

"जे पायांत, ते चौरंगावर नाही," मी म्हणालो. "वाहन असते तर गोष्ट वेगळी."

"वाहनच म्हणा की, गुरुजी. मला वाहून नेते."

"जोडाही नेतोच."

"बरं," इतकेच ते म्हणाले, आणि जोडी घेऊन तांबड्या रस्त्यापलीकडे गेले. आरतीला परत आले, तिच्यावाचून.

निर्णय शास्त्राला धरून होता, तरी मला तो रात्रभर बोचत राहिला. वस्तू न पाहता, तिचा व्यवहार न पाहता निवाडा करावा, असे पाठशाळेत आमच्या गुरुजींनी शिकवले नव्हते. प्रत्यक्षाला त्यांनी पहिले प्रमाण मानले होते. म्हणून पुढच्या शनिवारी मी त्यांना म्हणालो, "मलाही न्या." दोन स्वेटर, कानटोपी आणि लेकीच्या सूचना यांसह मी हिमगृहात काचेमागे जाऊन बसलो.

प्रथम मी जे पाहिले ते असे. उताराच्या माथ्यावर त्यांनी जोडी बर्फावर ठेवली, वाकून तिला दोन्ही हातांनी स्पर्श केला, हात कपाळाला लावले, आणि मगच पाय ठेवला. सकाळी अंथरुणातून उतरताना भूमीला पाऊल लावण्यापूर्वी क्षमा मागावी, असे मी त्यांच्या मुलीला शिकवले होते. ते बापाने कोठून उचलले होते हे तेव्हा कळले. मग ते निघाले, आणि दांड्याच्या तोंडाशी येऊन बाजूने निसटले. असे तीनदा झाले. तिसऱ्यांदा शिकवणारी मुलगी त्यांच्यापाशी येऊन काही बोलली. ते काचेपलीकडून माझ्याकडे आले तेव्हा मी विचारले, "ती काय म्हणाली?"

"नेहमीचंच. पायांकडे बघू नका, टोकाकडे बघा." त्यांनी हातमोजे काढले. "पण ऐन वेळी वाटतं, पायाखाली सगळं ठीक आहे ना? आणि नजर खाली जाते."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी पूजेला बसलो. माझ्या देव्हाऱ्यात अंगठ्याएवढ्या चांदीच्या पादुका आहेत. माझ्या गुरुजींनी पाठशाळा सोडताना दिलेल्या. त्यांवर गंध लावताना माझे बोट थांबले. साठ वर्षे मी रोज पायांतल्याच वस्तूची पूजा करीत आलो होतो, आणि त्याच तोंडाने एका भाविकाला दारातून परत पाठवले होते. शास्त्र चुकले नव्हते. शास्त्री चुकला होता.

उजाडताच तबकात हळदकुंकू, अक्षता आणि शेवंतीची दोन फुले घेऊन मी तांबडा रस्ता ओलांडला. गृहस्थ सायकलींच्या खोलीत होते. जोडी भिंतीला टेकून घोंगडीत गुंडाळलेली. "क्षमा करा," मी म्हणालो, "पादुकांची पूजा होते. मला विसर पडला."

"गुरुजी, दसरा होऊन गेला."

"पादुकांना मुहूर्त लागत नाही."

खोलीत चौरंग नव्हता, आणि असता तरी जोडी त्यावर मावली नसती. आम्ही ती जमिनीवर आडवी ठेवली. त्यांच्या पत्नी पंचपाळे धरून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "काका, निदान ही तरी तव्यापेक्षा सुदैवी." अक्षता वाहून झाल्यावर मी गृहस्थांना सांगितले, "आता पायाखाली काय आहे ते बघायचे काम माझे. तुमचे काम टोकाकडे बघायचे."

निघण्यापूर्वीच्या शेवटच्या शनिवारी मी आणि त्यांच्या पत्नी काचेमागे बसलो. ते वरून आले. जोडी आपल्या सवयीने सावकाश वळली, उडी उशिरा झाली, आणि मला वाटले की आता पुन्हा बाजूने जाणार. पण ती रुंद जोडी दांड्यावर बसली आणि खरोखरच हलली नाही. लोखंडावर लोखंडाचा करकर आवाज काचेतूनही ऐकू आला. त्यांची मान वर होती. नजर टोकावर होती. दांडा संपला, ते बर्फावर उतरले, थोडे कलंडले, सावरले. त्यांच्या पत्नींनी माझ्या कोटाची बाही इतकी घट्ट धरली होती, की शिवण उसवली. कडेला उभ्या असलेल्या पोरांपैकी एक बाहेर येताना म्हणाला, "मेनेर, दार उघडलं." गृहस्थांनी त्याला नमस्कार केला, आणि मग वाकून जोडीला.

विमानाच्या सामानात ती जोडी बसली नाही. सध्या ती आमच्याकडे, देव्हाऱ्याच्या शेजारी उभी आहे. लेक म्हणते, "बाबा, येणारे-जाणारे विचारतात." मी सांगतो, की तिचा धनी दूर आहे, तोवर सांभाळतो आहे. रोज चांदीच्या पादुकांच्या फुलांतले एक तिच्यावर जाते. महिन्यातून एकदा फोन येतो आणि ते पत्नीमुलीची खुशाली सांगण्याआधी विचारतात, "गुरुजी, ती बरी आहे ना?" ती बरी आहे. कडेला दांड्याचा एक लांब ओरखडा आहे; तो मी पुसत नाही.

दोन वर्षे हा काळ त्यांच्या वयाला किरकोळ आहे. माझ्या वयाला तो मोजून घ्यावा लागतो. म्हणून कोणते फूल पादुकांना आणि कोणते जोडीला, हे लेकीला दाखवून ठेवले आहे. यंदाच्या खंडेनवमीला मी दोन चौरंग जोडले, तेव्हा कोठे ती मावली. निरांजन मधोमध ठेवायचा प्रघात आहे, पण मी ते तिच्या पुढच्या टोकापाशी ठेवले आणि बराच वेळ तिकडेच बघत बसलो.